रिपोर्ट नॉर्मल, तरीही आजार खरा

सातपुड्यातल्या पाड्यावरून एखादं कुटुंब विशीतल्या पोराला घेऊन नंदुरबारला किंवा थेट सुरतेला पोचतं, तोवर बरंच काही करून झालेलं असतं. पोरगा रात्र रात्र जागतो, समोर कुणी नसताना उत्तरं देतो, आईने वाढलेलं ताट ‘यात काहीतरी घातलंय’ म्हणून सरकवतो. कुणी म्हणतं वारं लागलं, कुणी म्हणतं करणी केली. बडव्याकडे जाऊन कोंबडं-बकरं देऊन होतं. मग गावातलं कुणी शिकलेलं माणूस सुचवतं, ‘एकदा मेंदूचा फोटो काढा.’ मुकादमाकडून उचल घेऊन तोही काढला जातो आणि रिपोर्ट येतो नॉर्मल.

रिपोर्ट घरी पोचला की दोन तर्क निघतात. पोरगा नाटकं करतोय, कामचुकार आहे, हा एक. डॉक्टरच्या यंत्रालाही सापडत नाही म्हणजे हे बाहेरचंच, हा दुसरा. दोन्ही चुकीचे आहेत आणि दोन्हींपायी उपचार महिनोन् महिने लांबतात. अशा पोराचा आजार पुष्कळदा स्किझोफ्रेनिया असतो. त्याच्या रुग्णांच्या मेंदूच्या रचनेत फरक असतो, याबद्दल आज संशोधकांत वाद उरलेला नाही. तरीही तो एकट्या माणसाच्या फोटोत दिसत नाही. असं का होतं, हे रुग्णाच्या घरच्यांना कुणी बसून सांगत नाही, आणि ते सांगायलाच हवं.

फोटो काढायला सांगण्यात डॉक्टरांचं काही चुकलेलं नसतं. मेंदूतली गाठ, क्षयाच्या गाठी, फीतकृमीच्या अळ्यांनी केलेले पुटकुळ्यांसारखे फोड, मेंदूज्वराची सूज, डोक्याला लागलेला जुना मार, यांतल्या कशानेही माणूस भ्रमात जाऊ शकतो. नंदुरबारसारख्या सिकल सेलच्या पट्ट्यात मेंदूचा रक्तपुरवठा अडून झालेली इजाही ध्यानात घ्यावी लागते. यांपैकी काही सापडलं तर उपचाराची दिशाच बदलते. रिपोर्ट नॉर्मल आला, याचा अर्थ एवढाच की यांतलं काही नाही. स्किझोफ्रेनिया आहे की नाही, हे त्या फोटोला विचारलेलंच नसतं.

हा आजार मेंदूचा असावा, असा संशय जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत एमिल क्रेपेलिन यांनी या आजाराचं सविस्तर वर्णन केलं तेव्हाच त्यांना तशी खात्री वाटत होती. त्यांच्याच प्रयोगशाळेत अलॉइस अल्झायमर सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूचे काप तपासत असत. विस्मरणाच्या ज्या आजाराला पुढे त्यांचं नाव मिळालं, त्यातले डाग आणि गुंते त्यांना दिसले. स्किझोफ्रेनियात मात्र इतकी ठळक खूण ना त्यांना सापडली, ना त्यांच्यानंतरच्यांना. पेशी मेल्याचे ढिगारे नाहीत, जखम भरून आल्याचा व्रण नाही. त्यामुळे विसाव्या शतकाच्या मध्यावर पुष्कळ तज्ज्ञांनी मेंदूचा नाद सोडला आणि दोष घरात शोधायला सुरुवात केली.

सगळ्यात पहिल्यांदा हा दोष आईवर आला. फ्रिडा फ्रॉम-राइशमन या अमेरिकेत काम करणाऱ्या मनोविश्लेषक बाईंनी 1948 मध्ये मांडलं, की थंड, मुलाला मायेने जवळ न घेणारी आणि तरी त्याच्यावर सत्ता गाजवणारी आई हा आजार निर्माण करते. पुढची दोन-तीन दशकं पाश्चात्त्य देशांतल्या कितीतरी आयांनी हा आरोप सोसला. ज्या बाईचा मुलगा आजारी, तीच आरोपी. सातपुड्यात याच काळात, आणि त्याच्या आधी व नंतरही, आजाराचं कारण म्हणून एखाद्या विधवेकडे किंवा एकट्या राहणाऱ्या बाईकडे बोट दाखवून तिला डाकीण ठरवलं जात होतं. एकीकडे विद्यापीठातली परिभाषा, दुसरीकडे पाड्यावरची कुजबुज. पण कारण कळत नाही म्हटल्यावर जवळची बाई धरायची, ही चाल दोन्हीकडे सारखीच आहे. मेंदूच्या रचनेवरच्या संशोधनाचं मोल मी सगळ्यात आधी इथे मानतो. या संशोधनाने निदानाचं यंत्र दिलं नाही, पण या बायकांवरचा आरोप पुराव्यानिशी खोटा पाडला.

तो पुरावा 1976 मध्ये आला. सीटी स्कॅनचं यंत्र तेव्हा अगदी नवं होतं. लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचा स्कॅन होऊन जेमतेम पाच वर्षं झाली होती. नॉर्थविक पार्कच्या ईव्ह जॉनस्टन, टिम क्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मनोरुग्णालयात वर्षानुवर्षं दाखल असलेल्या 17 रुग्णांचे स्कॅन काढून निरोगी माणसांच्या स्कॅनशी ताडून पाहिले. मेंदूचा आडवा छेद पाहिला तर मधोमध दोन काळ्या जागा दिसतात, पाठीला पाठ लावलेल्या दोन कंसांच्या आकाराच्या. या मेंदूतल्या पोकळ्या. त्यांत स्वच्छ पाण्यासारखा द्रव असतो. रुग्णांमध्ये या पोकळ्या मोठ्या होत्या. कवटी तेवढीच, पण आतली पोकळी मोठी, म्हणजे भोवतालचा मेंदू तेवढा कमी.

यावर साहजिकच प्रश्न आला की हे आनुवंशिक ठेवणीमुळे तर नसेल? काही घराण्यांत पोकळ्या मुळातच मोठ्या असतील. त्याचं उत्तर 1990 मध्ये रिचर्ड सडाथ, फुलर टोरी आणि डॅनियल वाइनबर्गर यांनी फार सुरेख रीतीने दिलं. त्यांनी एकसारख्या जुळ्यांच्या 15 जोड्या घेतल्या. प्रत्येक जोडीत एकाला स्किझोफ्रेनिया होता, दुसरा निरोगी. आनुवंशिक ठेवण तीच, घर तेच, आईही तीच. एमआरआयच्या फिल्म शेजारी शेजारी ठेवून, कुठली कुणाची हे न सांगता विचारलं, यांत आजारी कोण? नुसत्या डोळ्यांनी पोकळ्यांचा आकार पाहून 15 पैकी 12 जोड्यांमध्ये आजारी भावंड अचूक ओळखलं गेलं. आठवणींशी ज्याचा संबंध आहे तो हिप्पोकॅम्पस नावाचा वळलेला छोटा भाग, त्याचा डावा पुढचा हिस्सा 15 पैकी 14 जोड्यांत आजारी भावंडाचा लहान होता.

आता यातली मेख पाहा. आजारी भावंडाचा मेंदू एकटा पाहिला असता तर बहुतेकदा तो नॉर्मलच म्हटला गेला असता. शेजारी त्याच ठेवणीचा निरोगी मेंदू होता, म्हणून फरक उमटला. धडगावच्या पोराला असं जुळं भावंड नसतं. त्याच्या फोटोची तुलना रेडिओलॉजिस्टच्या डोळ्यांसमोरच्या हजारो फोटोंशी होते, आणि निरोगी माणसांचे मेंदूही एकमेकांपासून फार वेगळे असतात.

आकडे पाहिले की हे जास्त स्पष्ट होतं. जुन्या 58 अभ्यासांचा एकत्रित हिशेब 2000 साली मांडला गेला. त्यात रुग्णांचा मेंदू सरासरीने निरोगी मेंदूच्या 98 टक्के भरला, पोकळ्या मात्र 126 टक्के. पोकळ्या सव्वापट, हे ऐकायला भयंकर वाटतं. पण दोन्ही बाजूंच्या मुख्य पोकळ्या मिळून मुळात वीसेक मिलिलिटरच्या आसपास असतात. त्यावर चार-पाच मिलिलिटरची वाढ म्हणजे एक चहाचा चमचा. निरोगी माणसांत याच पोकळ्या दुपटी-तिपटीने कमी-जास्त असतात, आणि त्या गर्दीत हा चमचाभर फरक बुडून जातो.

पुढे एनिग्मा या नावाने जगभरच्या केंद्रांनी आपापले एमआरआय एकत्र केले. 2016 मध्ये 2,028 रुग्ण आणि 2,540 निरोगी व्यक्तींच्या तुलनेत हिप्पोकॅम्पस, थॅलॅमस, अमिग्डाला हे मेंदूच्या गाभ्यातले भाग रुग्णांत लहान आढळले, सगळ्यांत जास्त फरक हिप्पोकॅम्पसमध्ये. 2018 मध्ये त्याच गटाने 4,474 रुग्णांच्या मेंदूच्या वरच्या करड्या थराची जाडी मोजली. हा थर जेमतेम अडीच मिलिमीटरचा. रुग्णांत तो जवळजवळ सगळीकडे पातळ होता, कपाळामागच्या आणि कानशिलांमागच्या भागांत जास्त. पण हे पातळ होणं मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजण्याइतकं सूक्ष्म आहे. एमआरआयच्या चित्रातला एक ठिपका सहसा मिलिमीटरभराचा असतो. हजारो माणसांची सरासरी काढल्यावर जे कळतं, ते एका फिल्मवर डोळ्यांनी दिसणार नाही.

हिप्पोकॅम्पसचा फरक, म्हणजे त्यातल्या त्यात सगळ्यात ठळक फरक, किती आहे ते मांडून पाहू. कुठलाही एक रुग्ण आणि कुठलाही एक निरोगी माणूस अशा शंभर जोड्या केल्या, तर एनिग्माच्या आकड्यांवरून गणित असं येतं की साधारण 63 जोड्यांत रुग्णाचा हिप्पोकॅम्पस लहान निघेल आणि उरलेल्या 37 जोड्यांत निरोगी माणसाचा. फरक खरा आहे, योगायोगाचा नाही. पण त्यावरून माणूस ओळखता येत नाही. स्किझोफ्रेनिया सांगणारा स्कॅन किंवा रक्ताची चाचणी आज जगात कुठेही नाही, मुंबईत नाही आणि लंडनमध्येही नाही. कुणी तशी चाचणी म्हणून पैसे मागत असेल तर ते देऊ नयेत.

मग हा फरक आतून असतो तरी कशाचा? मेंदूच्या पेशी मोठ्या संख्येने मेलेल्या नसतात. मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंमध्ये दिसलं ते असं की पेशी जवळजवळ तेवढ्याच, पण त्यांच्या मधली जागा आक्रसलेली. या जागेत पेशींच्या फांद्या असतात, फांद्यांवर बारीक काटे असतात आणि प्रत्येक काट्यावर दुसऱ्या पेशीशी संपर्काचा बिंदू असतो. कपाळामागच्या भागातल्या तिसऱ्या थरात हे काटे रुग्णांमध्ये विरळ झालेले आढळले. बाळाच्या मेंदूत असे संपर्क गरजेपेक्षा कितीतरी जास्त तयार होतात. पुढे, विशेषतः किशोरवयात, त्यांतले नको ते काढले जातात. ज्वारी दाट पेरून नंतर विरळणी करतात, तसंच हे आहे. केली तर उरलेली ताटं जोमाने येतात, पण हात सैल सुटला तर शेतच उघडं पडतं. स्किझोफ्रेनियात ही विरळणी बहुधा प्रमाणाबाहेर होते, असा कयास 1982 मध्ये अर्विन फाइनबर्ग यांनी मांडला होता. 2016 मध्ये त्याला मोठा आधार मिळाला. सी-फोर नावाच्या जनुकाचे काही प्रकार असलेल्यांना या आजाराचा धोका थोडा जास्त असतो असं दिसलं, आणि उंदरांमध्ये हेच जनुक संपर्कांच्या छाटणीत भाग घेतं हेही. मुलग्यांत हा आजार सहसा सतरा-अठरापासून पंचविशीपर्यंत आणि मुलींत काही वर्षं उशिरा का उफाळतो, याचं उत्तर या छाटणीच्या वयात असावं.

अर्थात जनुक म्हणजे नशीब नव्हे. एकसारख्या जुळ्यांत एकाला हा आजार असला तरी दुसऱ्याला तो होण्याचं प्रमाण निम्म्याहून कमी आहे. उरलेला भाग कुठून येतो, याचा एक धागा नंदुरबारकरांना अस्वस्थ करणारा आहे. 1944-45 च्या हिवाळ्यात जर्मन फौजांनी पश्चिम नेदरलँड्सचा अन्नपुरवठा तोडला आणि माणशी शिधा दिवसाला हजार कॅलरींच्याही खाली गेला. या उपासमारीच्या ऐन भरात ज्यांची गर्भधारणा झाली, त्या मुलांमध्ये मोठेपणी स्किझोफ्रेनियाचं प्रमाण सुमारे दुप्पट आढळलं. चीनमधल्या 1959-61 च्या दुष्काळात जन्मलेल्यांतही साधारण तेच दिसलं. मेंदूची घडण पोटात असतानाच सुरू होते, आणि आईच्या पोटात अन्न नसेल तर त्याची झळ वीस वर्षांनीही लागू शकते. अक्कलकुवा आणि अक्राणी ही नावं महाराष्ट्राला वर्षानुवर्षं कुपोषणाच्या बातम्यांतूनच कळत आली. यावरून नंदुरबारमध्ये स्किझोफ्रेनिया जास्त आहे असा निष्कर्ष कुणी काढू नये. युरोपातली ती उपासमार काही महिन्यांची आणि टोकाची होती. पण गरोदर बाईच्या ताटातल्या अन्नाचा हिशेब फक्त बाळाच्या वजनात करणं अपुरं आहे, एवढं त्यातून नक्की कळतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात साधारण 300 माणसांमागे एकाला हा आजार आहे. 2011 च्या जनगणनेत नंदुरबारची लोकसंख्या 16,48,295 होती. तोच भाग इथे लावला तर जिल्ह्यात साडेपाच हजारांच्या आसपास रुग्ण निघतात. हा नुसता भागाकार आहे, प्रत्यक्ष मोजणी नाही. निमहान्सने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 12 राज्यं होती, त्यांत महाराष्ट्र नव्हता.

औषधांबद्दल एक अवघड गोष्ट लपवून ठेवू नये. नॅन्सी अँड्रियासन यांच्या गटाने 211 रुग्णांचे वर्षानुवर्षं एमआरआय काढून 2011 मध्ये दाखवलं की ज्यांना औषधं जास्त मिळाली, त्यांच्या मेंदूचं आकारमान थोडं जास्त घटलं. माकडांना दीड-दोन वर्षं ही औषधं दिल्यावर त्यांचाही मेंदू वजनाला कमी भरला. मग सगळा फरक औषधांचाच म्हणायचा का? तसं नाही. एकही गोळी न घेतलेल्या रुग्णांतही फरक आढळतात, आणि याचा पुरावा काही अंशी भारतातूनच आला, कारण आजार जुना पण उपचार कधीच नाही असे रुग्ण दुर्दैवाने आपल्याकडेच जास्त भेटतात. चेन्नईच्या स्कार्फ संस्थेच्या आर. थारा आणि सहकाऱ्यांनी तामिळनाडूतल्या अशा रुग्णांचे एमआरआय केले. काहींच्या तोंडाच्या, हातांच्या हालचाली आपोआप होत होत्या. हा औषधाचाच दुष्परिणाम, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. पण यांनी औषध पाहिलंही नव्हतं, आणि त्यांच्या मेंदूत हालचालींशी निगडित गाभ्याचा आकार बदललेला होता.

दुसऱ्या पारड्यात काय आहे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. 65 चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात, औषध चालू ठेवलेल्यांपैकी 27 टक्क्यांचा आजार वर्षभरात पुन्हा उलटला. बंद करून नुसती साखरेची गोळी दिलेल्यांत हे प्रमाण 64 टक्के होतं. आजार उलटला की नोकरी जाते, लग्न मोडतं, माणूस रस्त्यावर येतो, कधी जीवही देतो. म्हणून डोस शक्य तेवढा कमी ठेवावा, पण आपल्या मनाने बंद करू नये.

निदान यंत्र करत नाही, तर मग ते होतं कसं? बोलून. डॉक्टर रुग्णाशी आणि घरच्यांशी बोलतो. कधीपासून, काय ऐकू येतं, कोण बोलतं, झोप कशी, कामावर किती फरक पडला. आणि नंदुरबारमध्ये खरी अडचण इथेच उभी राहते. रुग्ण पावरी, मावची, देहवाली किंवा नोयरी बोलतो. डॉक्टरला मराठी, हिंदी, फार तर अहिराणी येते. मधे दुभाषा म्हणून कुणी नातेवाईक, आणि तो ‘काहीबाही बडबडतो’ एवढंच सांगतो. ती बडबड काय आहे यावरच निदान ठरायचं असतं. शिवाय देवाचा आवाज ऐकणं प्रत्येक वेळी आजार नसतं. याहा मोगी देवीच्या यात्रेत अंगात येणारी बाई किंवा रात्रभर गाऊन देव बोलावणारा बडवा यांना रुग्ण म्हणणं हे अज्ञान आहे. ते वेळेला जातात आणि वेळेला परत येतात, दुसऱ्या दिवशी शेतात असतात, आणि गावाला त्यांचा अर्थ लागतो. आजारी माणसाचा आवाज मात्र त्याला सोडत नाही आणि त्याच्या गावालाही तो परका वाटतो. हा भेद बडव्याला पुष्कळदा डॉक्टरच्या आधी कळतो. म्हणून त्याला वैरी न करता, ‘तुझी पूजा झाली की इकडे पाठव’ असं सांगून जोडून घेणं शहाणपणाचं आहे. मात्र भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीने बांधणं, मारणं, चटके देणं हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. कुणाला करणी करणारी ठरवणं हाही. मानसिक रुग्णाला साखळी घालायला 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही मनाई आहे.

खान्देशाचं या विषयाशी आणखी एक नातं आहे. नंदुरबार 1 जुलै 1998 पर्यंत धुळे जिल्ह्यातच होता, आणि मूळचे धुळ्याकडचे डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवत. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. घरात जे सोसलं ते झाकून न ठेवता त्यांनी 1997 मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 2004 चा ‘देवराई’ त्यांच्याच पुढाकारातून आला. त्या चित्रपटात अतुल कुलकर्णींनी रुग्णाचं काम केलं आहे, पण मला सोनाली कुलकर्णींची बहीण जास्त महत्त्वाची वाटते. भावाला सांभाळताना तिचा संसार, तिचा संयम, सगळं पणाला लागतं. मराठी घरांमध्ये हा आजार नावाने बोलला जाऊ लागला त्यात या चित्रपटाचा वाटा मोठा आहे.

सांभाळणाऱ्याला हात दिला तर काय होतं, याची चाचणी महाराष्ट्रातही झालेली आहे. सातारा, गोवा आणि तामिळनाडूतलं कांचीपुरम इथल्या 282 रुग्णांवरचा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. गावातल्याच, डॉक्टर नसलेल्या कार्यकर्त्यांना शिकवून रुग्णांच्या घरी पाठवलं. गोळ्यांची आठवण, घरच्यांशी बोलणं, कामाला लावणं, एवढंच त्यांचं काम. वर्षाअखेरीस या रुग्णांची लक्षणं आणि परावलंबन, दोन्ही नुसतं दवाखान्यात येणाऱ्यांपेक्षा कमी होती. फरक मध्यम होता, कांचीपुरमला सगळ्यात जास्त. आशा आणि अंगणवाडी सेविका जिथे पाड्यापाड्यावर पोचतात आणि नर्मदेकाठच्या गावांना तरंगता दवाखाना जातो, तिथे हे काम अशक्य नाही.

आश्रमशाळांकडेही पाहायला हवं. आजाराची पहिली चाहूल लागते त्या वयात इथली कितीतरी मुलं घरी नसतात, वसतिगृहात असतात. हुशार मुलगा हळूहळू मागे पडतो, आंघोळ टाळतो, मित्रांत मिसळेनासा होतो, कुणीतरी आपल्यावर टपलंय असं बोलू लागतो. हे आधी अधीक्षकाला आणि वर्गशिक्षकाला दिसतं, आईबापांना फार नंतर. अशा वेळी 14416 हा टेलिमानसचा क्रमांक लावून मराठीत बोलता येतं. ही फुकट सेवा 2022 पासून चालू आहे.

आणि दिवाळीनंतरचं स्थलांतर. हजारो कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि होळीला परततात. तेवढे महिने गोळ्या तुटल्या तर वर्षभराची मेहनत वाया जाते. दोन ते चार आठवडे पुरणारी जुनी, स्वस्त इंजेक्शनं उपलब्ध आहेत. तीन महिने पुरणारी नवी महाग आहेत. दिवाळीआधीच्या भेटीत डॉक्टरने तीन गोष्टी विचारून केसपेपरवर लिहून ठेवाव्यात: टोळी कधी निघणार, कुठल्या कारखान्याला जाणार आणि तिथून जवळचा सरकारी दवाखाना कोणता.